बल्गेरियाला गेलेला रुमाल

आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या डोक्यात बल्गेरियाचं खूळ कोणी घातलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आधी इटली ठरत होती. मग कोणाला ती महाग वाटली, कोणाची आधीच बघून झाली होती, आणि एका काकूंना कोणीतरी सांगितलं की तिथे सूपमध्येसुद्धा मासे घालतात. अशी गळती होत होत बल्गेरिया उरला, कारण तो कोणीच पाहिलेला नव्हता आणि त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला कोणाकडे काही नव्हतं. पॉटलकच्या दिवशी पावभाजीच्या रांगेत उभ्या उभ्या बेत पक्का झाला, आणि झाल्या झाल्या सगळे आमच्या ह्यांच्याकडे बघायला लागले. कारण इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारचं घर एका बल्गेरियन बाईंचं आहे.

"काका, मग तुम्हीच एक टॉक देऊन टाका ना," मंडळाची सेक्रेटरी म्हणाली. "बेसिक फॅक्ट्स. करन्सी, जेवण, काय करायचं, काय नाही करायचं. बाकीचं आम्ही गूगल करू."

ह्यांना हेच हवं होतं. उभा जन्म कंपनीत लोकांना स्लाइड दाखवण्यात गेला आणि रिटायर झाल्यापासून दाखवायला मी एकटीच उरले. मागे डिशवॉशर घ्यायचा होता तेव्हा मला सोफ्यावर बसवून, पडदे ओढून, अर्धा तास प्रेझेंटेशन केलं होतं. शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' असंसुद्धा विचारलं. मी म्हटलं, आहे ना, आजची भांडी कोण घासणार?

मी स्वतः जाणार नव्हते. माझा गुडघा नुकताच बदलला होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. ह्यांनी दोनदा "मग मीही नाही जात" म्हटलं, मी दोनदा "जा हो" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी म्हणायचं टाळलं. पुण्याचे आहेत, कुठे थांबायचं ते बरोबर कळतं. मी नागपूरची. मला ते कधीच कळलं नाही.

आता बाईंबद्दल सांगते. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आल्या, इथल्या एका शाळेत गणित शिकवलं, आणि आवाजातली ती छडी अजून खाली ठेवलेली नाही. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात त्या ओळख करून घ्यायला आल्या. मी विचारलं, चहा घेणार? त्यांनी मान आडवी हलवली. मी म्हटलं, बरं बाई, आणि गप्पा मारत बसले. बराच वेळ झाला तरी त्या हलेनात. शेवटी म्हणाल्या, "तुमच्यात चहा विचारतात आणि देत नाहीत का?" तेव्हा कळलं की त्यांच्या देशात मान आडवी हलवली की हो, आणि उभी हलवली की नाही. इतक्या वर्षांत इंग्रजी बोलताना त्यांनी इथली मान शिकून घेतली आहे. पण फोनवर आपल्या भाषेत बोलायला लागल्या की मानही त्यांच्या गावची होते.

दर एक मार्चला त्या आमच्या मनगटांवर लाल-पांढरा दोरा बांधतात. त्यांच्याकडे तसा रिवाज आहे, वसंत येईपर्यंत काढायचा नाही. पहिल्या वर्षी ह्यांना वाटलं, राखी. धावत आत गेले, माझ्या कपाटातला ठेवणीतला इरकली खण उचलला आणि ओवाळणी म्हणून बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी त्याचा उशीचा अभ्रा शिवला. अजून वापरतात.

आणि बाईंचं दही! ह्यांनी त्या दह्यापायी माझा जीव नकोसा केला होता. बाई दर रविवारी एक वाडगा पाठवायच्या, आणि हे पहिल्या चमच्यालाच डोळे मिटायचे. "दही खावं तर बाईंच्या हातचं. कवडी म्हणतात ती ही. अगं, शेवटी बल्गेरिया म्हणजे दह्याचं माहेरघर!" मी समोर बसलेली, माझ्या दह्याचं भांडं समोर ठेवलेलं, पण माणसाला काही वाटेल तर शपथ.

माझं विरजण माझ्या आईकडचं. लग्न होऊन अमेरिकेला निघाले तेव्हा तिने धुतलेला सुती रुमाल दह्यात बुडवला, सावलीत वाळवला आणि कडकडीत झाल्यावर घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. इथे आल्यावर तो कोमट दुधात सोडायचा, की दुसऱ्या दिवशी घरचं दही. त्या काळी आम्ही बऱ्याच जणींनी असंच आणलं. एअरपोर्टवरच्या माणसाने तो रुमाल हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे एकदा दयेने बघितलं आणि परत दिला. तेव्हापासून ते विरजण चालू आहे, हिवाळ्यात ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते. शिवाय मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केलेली बाई, बॅकअप असल्याशिवाय मला झोप येत नाही. असाच एक रुमाल वाळवून, झिपलॉकच्या पिशवीत घालून, मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये कायम ठेवलेला असतो.

तर हे लॅपटॉप घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात माहिती गोळा करायला बसले. मी काठी टेकत मागोमाग. बाईंनी वर्ग घ्यावा तसं सुरू केलं. पहिली गोष्ट, मान. दुसरी, फुलं. कोणाच्या घरी फुलं न्यायची ती विषम संख्येत न्यायची, सम फुलं मेलेल्या माणसाला.

"आमच्याकडेही पाकिटात शंभर घालत नाहीत, एकशे एक घालतात," मी म्हटलं.

"मग तुम्ही सुधारलेले आहात," बाई म्हणाल्या.

घरात शिरताना बूट काढायचे आणि यजमान देतील त्या सपाता घालायच्या, मापाच्या नसल्या तरी. फळांची दारू सॅलडबरोबर सावकाश प्यायची. काकडी, लसूण, अक्रोड घातलेलं दह्याचं गार सूप मिळेल, ते सोडायचं नाही. ह्यांनी टाइप केलं, 'पातळ कोशिंबीर'. इथपर्यंत झकास चाललं होतं. मग बाई म्हणाल्या, "साबण बरोबर न्या. टॉयलेट पेपर न्या. कॉफी मिळत नाही, भेट द्यायला कॉफी न्या. तरुण मुलं असतील त्या घरी जीन्स. आणि लिफ्टमध्ये राजकारण बोलू नका, कोण ऐकत असेल सांगता येत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टाइप करत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण ज्यांचा देश त्यांना आपण काय सांगणार? आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? मागच्या वर्षी मंडळातली एक मुलगी नागपूरला निघाली होती, तिला मी बजावून सांगितलं की टॉर्च आणि सेल घेऊन जा, संध्याकाळी लाइट जातात. तिने तिकडून मेट्रोत बसलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, काकू, टॉर्च कुठे लावू?

टॉक लायब्ररीच्या हॉलमध्ये झाला. बाई मोत्यांची माळ घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पहिली स्लाइड मानेची. ह्यांनी सगळ्या ज्येष्ठांना आडवी मान हलवून 'हो' म्हणायला लावलं, दोघांच्या मानेत उसण भरली. फुलांची स्लाइड तर इतकी आवडली की टाळ्या पडल्या. मग 'काय न्यावं' ही स्लाइड आली. साबण, टॉयलेट पेपर, कॉफी, जीन्स.

मागे एक आयटीवाला जावई बसला होता, सासूसासऱ्यांचं बुकिंग करायला आलेला. त्याने फोन वर केला. "काका, सॉरी हं, पण हे कधीचं आहे? तिथे आता युरो चालतो. आणि हे हॉटेल बघा, रूममध्ये एस्प्रेसो मशीन आहे. जीन्स त्यांनाच द्यायला सांगा आपल्याला."

लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. बोलणं अर्धं इंग्रजीत होतं, त्यामुळे बाईंना सगळं समजलं. त्या ताठ बसून राहिल्या आणि गळ्यातल्या माळेचा एकेक मोती चाचपत राहिल्या. मला त्या जावयाचा असा राग आला म्हणून सांगू! उठून चार शब्द सुनवायला निघाले होते, पण नवा गुडघा वेळेवर वाकला नाही.

परत येताना बाई आमच्याच गाडीत होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं नाही सांगितलं. मी निघाले तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य होतं, आणि हे सगळं असंच होतं."

"माहितीये हो," मी म्हटलं.

"एक गोष्ट मात्र बदललेली नसेल. ती माझ्या बहिणीकडे असेल. तेवढी मला आणून द्या. बाकी मला काही नको."

"काय ते?"

"माझ्या आईचं विरजण."

मी चक्रावले. "पण ते तर तुमच्याकडे आहे! दर रविवारी आमच्याकडे दही येतं की!"

मग सगळं बाहेर आलं. त्या देश सोडून निघाल्या तेव्हा आईने बरणीत विरजण दिलं होतं आणि हात धरून सांगितलं होतं, हे मरू देऊ नकोस. त्यांनी ते पंचवीसेक वर्षं जपलं. मग त्या जिन्यात पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, बरेच दिवस घरापासून लांब राहावं लागलं. परत आल्या तेव्हा बरणीत हिरवी बुरशी. "त्यानंतर मी वाटी घेऊन तुमच्या दारात आले होते, आठवतं? तुम्ही चमचाभर घातलंत. तेव्हापासून माझ्या घरात आहे ते तुमचंच."

मला आठवलं. मला वाटलं होतं, बाईंच्या घरचं दही संपलं असेल. मी सावकाश मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. हे रस्त्याकडे बघत होते, कान लालबुंद.

"दही खावं तर बाईंच्या हातचं," मी म्हटलं. एवढंच. बाकीचं घरी जाऊन बोलले.

पण आरशात मला बाई दिसत होत्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या. बहीण प्लोवदिव शहरात, आईच्याच घरात राहते. आई गेली तेव्हा कागदपत्रांच्या घोळात बाईंना जाता आलं नाही, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं वाढदिवसाला आणि नव्या वर्षाला. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, संपलं. विरजण मागायचं तर आपलं मेलं हे सांगावं लागणार, आणि ते सांगण्यापेक्षा मेलेलं बरं असं बाईंचं म्हणणं. "तिला कळता कामा नये. नुसतं म्हणा, आईच्या दह्याची चव घ्यायची आहे."

मग मी सूत्रं हातात घेतली. दुसरं कोण घेणार? दही विमानातून आणता येत नाही, पण रुमाल आणता येतो. एक कोरा पांढरा सुती रुमाल बिनसाबणाचा धुतला, इस्त्री केला, झिपलॉकमध्ये घातला, मसाल्याच्याच ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ह्यांना तीन-तीनदा बजावलं. तिच्या दह्यात बुडवायचा. सावलीत वाळवायचा. हॉटेलच्या लाँड्रीत द्यायचा नाही. नाक पुसायचं नाही. आणून कोमट दुधात सोडायचा, ऊबदार जागी ठेवायचा, हलवायचा नाही. ह्यांनी त्याची स्लाइड केली.

हे गेले आणि बाई त्यांची उशी घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. इरकली अभ्र्यासकट. तुमचा माणूस माझ्या देशात, तर तुमचा गुडघा माझ्या ताब्यात, असं त्यांनी जाहीर केलं. मला व्यायाम करायला लावायच्या आणि मोजायच्या त्यांच्या भाषेत, म्हणजे मला लबाडी करता येऊ नये. अधूनमधून खिडकीशी उभ्या राहून विचारायच्या, "आज कुठे पोचलेत?" मी सांगायची. त्यांना रस्ता ठाऊक असायचा, पण मधली हॉटेलं, मॉल, पूल यातलं काही ठाऊक नसायचं. रोज दुपारी एकच प्रश्न: "प्लोवदिव कधी?"

तो दिवस उजाडला. सकाळी मी फोडणीला मोहरी काढायला ड्रॉवर उघडला आणि समोर काय? कोरा पांढरा रुमाल. इस्त्रीची घडी तशीच. बॅकअपवाली पिशवी गायब.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ह्या माणसाला घरातल्या फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं लोणी दिसत नाही, त्याला मी ड्रॉवरमधली पिशवी उचलायला सांगितली होती! तिथे तेव्हा दुपार टळली होती. मी फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"तिच्या जिन्यात. तिसरा मजला. अकरा फुलं घेतलीत, काळजी करू नको."

"फुलं मरू द्या. खिशातला रुमाल बघा. कडक आहे का?"

"एकदम कडक. स्टार्च केलास ना तू?"

"अहो, तो आपला रुमाल आहे! त्यात आपलं दही आहे! तो तिच्या दह्यात बुडवलात तर दोन्ही मिसळेल, आणि मग कोणाचं काय ते ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही!"

तिकडून खिसे चाचपल्याचा आवाज आला. मग, "माझा नेहमीचा रुमाल चालेल?"

"स्वच्छ आहे?"

"नाक पुसलंय गं. इथे गार आहे."

"बाहेर जा आणि नवीन विकत घ्या!"

"अगं, तिने दार उघडलं," हे म्हणाले आणि फोन बंद झाला.

बाई ओट्यापाशी त्यांचं गार सूप करायला अक्रोड कुटत होत्या. मराठीतलं त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण तोंड वाचायला भाषा लागत नाही. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोहरी सापडत नाहीये. मोहरीची वाटी माझ्या हातातच होती. बाईंनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत कुटायला लागल्या. जास्तच जोरात.

ह्यांचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन घेतला. आवाज खाली आलेला. बहिणीने सपाता दिल्या, दोन बोटं लहान, त्या घातल्या. सॅलड दिलं, दारू दिली, ती रीत म्हणून घेतली. दुसरीही रीत म्हणून घेतली. मग फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर ह्यांनी पढवलेलं वाक्य ऐकवलं, की तुमच्या आईच्या दह्याची चव घ्यायची आहे. बहीण उठली, फ्रिजमधून दुकानातला प्लास्टिकचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि रडायला लागली.

"म्हणजे?"

"म्हणजे तिच्याकडेही नाही. आई गेल्यावर तिने घरात दूधच आणलं नाही म्हणे. करवेना तिला. पुन्हा मन झालं तोवर विरजण खराब झालेलं. गेली कित्येक वर्षं दुकानातलं खाते. बहिणीला सांगायची हिंमत झाली नाही."

मी कमोडवर झाकण टाकून बसले.

"अजून ऐक. ती मला म्हणते, माझी बहीण कडक शिस्तीची आहे, तिने अमेरिकेत नक्की जिवंत ठेवलं असेल. आणि मग माझ्याकडे बघून विचारते, तुम्ही ते घेऊन आलात ना? म्हणूनच आलात ना?"

"मग?"

"मग काय. मी खिशातून रुमाल काढला."

"अहो!"

"आणि म्हटलं, तुमच्या बहिणीने पाठवलाय."

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोललेला मला आठवत नाही. कोणी वजन विचारलं तरी खरं सांगतात, माझंसुद्धा. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "खोटं कुठे आहे? बाईंच्या घरात जे विरजण आहे तेच ह्यात आहे. टेक्निकली करेक्ट आहे. मी तिला सगळं नीट समजावलंय. कोमट दूध, ऊबदार जागा, हलवायचं नाही. स्लाइड होती ना." घरी दुधाचं पातेलं कुठे असतं ते माहीत नसलेला माणूस!

आता बाईंना सांगायला हवं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. तिकडे नाही. बहिणीचंही गेलं. ह्यांनी तिला आमचा रुमाल दिला, आणि ती समजतेय की तुम्ही आईचं पाठवलंत.

बाईंनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "म्हणजे कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

त्या रडल्या. मोठ्याने, लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून. मी त्यांचा हात धरला आणि मलाही आवरेना, कारण माझी आई गेली तेव्हा मीसुद्धा वेळेवर पोचले नव्हते. जेवणाची वेळ टळून गेली. सूप गारच होतं, म्हणून ते गार व्हायचा प्रश्न नव्हता.

मग बाईंनी डोळे पुसले आणि एकदम भडकल्या. "आणि त्या माणसाने माझ्या बहिणीच्या घरी भारतीय दही घातलं?"

"भारतीय काय भारतीय? इतकी वर्षं तुम्ही मिटक्या मारत खाताय!"

"मी परदेशात राहते! ती घरी आहे!"

मी सुपाचा वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. बाई म्हणाल्या, "मी तिला फोन करून खरं सांगणार. मी आयुष्यात कोणाला खोटं उत्तर दिलेलं नाही."

"सांगा," मी म्हटलं. "पण उद्या सांगा. दही लागू दे आधी."

दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच मोत्यांची माळ घालून बसल्या. ह्यांनी बहिणीच्या घरून व्हिडिओ कॉल लावला. आधी छत दिसलं, मग ह्यांच्या नाकपुड्या, मग त्या आखूड सपातांतले पाय, आणि मी "अहो, सरळ धरा!" म्हणून ओरडल्यावर एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. अगदी आमच्या बाईंसारखी, फक्त जास्त हसरी. दोघींनी एकमेकींना इतक्या वर्षांत असं पाहिलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकलेला. बहिणीने स्वतःच्या केसांना हात लावला. बाईंनीही आपल्या केसांना लावला.

मग बहिणीने मातीचा वाडगा पुढे आणला आणि सरळ उलटा केला. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. दही पडलं नाही. हललंसुद्धा नाही. मला, खरं सांगते, अभिमानाने भरून आलं. तिने वाडगा सुलटा केला, चमचा घातला, खाल्लं आणि डोळे मिटले. मग भराभरा बोलायला लागली, हसत, रडत, मध्येच दुसरा चमचा खात. त्यातला 'माइका' हा एक शब्द तेवढा मला कळत होता. माइका म्हणजे आई, बाईंनीच शिकवला होता. ती बोलता बोलता थांबली, वाडगा छातीशी धरला आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बाई ताठ बसल्या होत्या. ओट्यावर माझं दह्याचं भांडं होतं, रोजचं. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मला वाटत होतं, सांगून टाका हो. ते माझ्या आईचं आहे. माझी आई विदर्भाबाहेर फारशी कधी गेली नाही, तिला विमान आतून कसं असतं ते ठाऊक नव्हतं, आणि आज तिचं विरजण दुसऱ्या कोणाच्या आईच्या नावावर चाललंय. क्षणभर मला ते फार लागलं, खोटं कशाला बोलू? आणि दुसऱ्याच क्षणी ती पांढऱ्या केसांची बाई वाडगा धरून वाट बघताना दिसली, आणि वाटलं, नका सांगू.

मी भांड्यावर झाकण ठेवलं. बाई परत फोनकडे वळल्या आणि त्यांनी मान हलवली. त्यांच्या गावची मान. सावकाश, आडवी.

हो. आईचंच आहे.

आता ह्यात खोटं तरी कुठे होतं? होतंच ते आईचं.